पर्समधला काटा

मी काटा बोलतोय. पायात रुततो तो नव्हे, घड्याळात फिरतो तोही नव्हे. चमच्याशेजारी पहुडलेला असतो ना, तो. सध्या माझा मुक्काम एका पर्समध्ये आहे. सोबतीला किल्ल्या, कंगवा आणि डोकेदुखीच्या गोळ्या. ही माझी जागा नाही. पण जिची पर्स आहे तिला मला चोर म्हणवत नाही, म्हणून सगळंच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. मला पत्र्यातून कापलं, साच्यात दाबलं, लखलखेपर्यंत घासलं आणि मुठीवर उडत्या बगळ्याची खूण उमटवली. आम्हा सगळ्या भावंडांना एकाच रेस्टॉरंटने मागवलं होतं. मोठ्या शहरातलं नवंकोरं, झोकदार रेस्टॉरंट. काळ्या भिंती, बांबूचे पडदे, आणि उजेड इतका बेताचा की माणसं मेन्यू मोबाइल धरून वाचतात. खाणं सगळं पूर्वेकडच्या देशांचं. टोपल्यांत वाफवलेल्या पुरचुंड्या, कच्च्या माशाच्या चकत्या, संपता संपत नाहीत अशा नूडल्स. एवढ्याशा घासाला एवढी मोठी बशी का लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही दाखल झालो न झालो, तोच शेफसाहेबांनी फर्मान काढलं की टेबलावर फक्त चॉपस्टिक्स, म्हणजे जेवायच्या दोन काड्या, ठेवायच्या. आमची रवानगी काउंटरखालच्या शेवटच्या खणात. कुणी मागितलाच तर काटा द्यायचा, आणि जेवणं उरकली की वेट्रेसने आपापल्या टेबलाचे काटे मोजून परत ठेवायचे. पण मागतंय कोण? माणसं लाजतात. घास निसटतो, हसतात. पुन्हा निसटतो, पुन्हा हसतात. अगदीच रडकुंडीला आली की वेट्रेसला जवळ बोलावून, परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर मागावा तसं हळूच मला मागतात. मला त्या लोकांची कीव यायची आणि थोडा रागही यायचा.

एका दुपारी एक लेक आपल्या वडिलांना घेऊन आली. वडील व्यवसायाने शिंपी. नवा शर्ट त्यांनी स्वतःच शिवलेला असावा, कारण तिथल्या कुणाच्याच अंगावर कपडा इतका नीट बसला नव्हता. लेकीचं लग्न ठरत होतं. होणारी सासू आणि होणारा नवरा, दोघं जेवायला यायचे होते, आणि दोन्हीकडची मोठी माणसं पहिल्यांदाच भेटत होती.

"बाबा, हाताने नका हं खाऊ इथं," ती म्हणाली.

"अगं, कळतं मला. तू जा, त्यांना घेऊन ये."

ती दाराकडे गेली तसं त्यांनी वेट्रेसला खुणावलं. "पोरी, एखादा काटा असला तर ठेव बाई. कात्री चालवून चालवून अंगठा आखडलाय. घरी सराव केलाय, पण ऐनवेळी फजिती नको."

तिने खणातून मला काढलं आणि त्यांच्या रुमालाशेजारी ठेवलं. काय सांगू, किती बरं वाटलं! इतक्या दिवसांनी मी ताटाशेजारी होतो.

तेवढ्यात लेक परत आली. पाहुणे दोन पावलं मागेच होते. सगळ्यांच्या पुढ्यात काड्या आणि एका बाबांच्याच पुढ्यात काटा, हे तिच्या नजरेला टोचलं. त्या क्षणी तिने काय केलं? खुर्ची सरकवण्याच्या निमित्ताने वाकली, मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं. बाबा तेव्हा पाण्याचा पेला उचलत होते. त्यांनी पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

पर्सची चेन पुरती लागली नव्हती. त्या फटीतून मी सगळं पाहिलं. बाबांनी काड्या मोठ्या ऐटीत धरल्या.

"अरे वा, धरता तर छान येतात तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या.

"सराव केला ना. हिच्या आईच्या स्वेटरच्या सुया होत्या घरात. त्यांनी बटणं उचलत बसायचो."

सगळे हसले. लेक हसली नाही. हे तिलाही नवीन होतं.

मग पुरचुंडी आली, ओली आणि बुळबुळीत. उचलली, निसटली. पुन्हा उचलली, ती थेट चटणीत पडली. "बटणं अशी पळत नाहीत," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. नूडल्स आल्या तेव्हा त्यांनी थोडा वेळ खटपट केली, मग काड्या खाली ठेवल्या. "माझं झालं. सकाळी नाश्ता जरा जास्तच झाला होता."

आणि तेव्हा सासूबाईंनी आपल्याही काड्या बाजूला सारल्या. "मला बाई हा खेळ काही जमत नाही," असं म्हणत भर रेस्टॉरंटमध्ये खणखणीत आवाजात त्यांनी हाक मारली, "अहो, एक काटा आणा हो!"

कुणाचं काही बिघडलं नाही. शेजारच्या टेबलाने मानसुद्धा वळवली नाही. लेकीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

वेट्रेस माझ्या एका भावाला घेऊन आली. बाबांच्या पुढ्यात बघून थबकली. "काका, तुमचा काटा? मी ठेवला होता ना इथं?"

लेकीचा हात पर्सवर घट्ट झाला. आत मी चमकत होतो आणि मला चमकायची लाज वाटत होती.

"मला नको होता गं," बाबा म्हणाले. "मघाशी इथून कुणीतरी चाललं होतं, त्यांच्याकडे देऊन टाकला."

"मग दुसरा आणू?"

"नको. पोट भरलंय माझं."

त्यांनी पाहिलं होतं. लेकीला कळलं, मलाही कळलं. तरी सगळ्यांसमोर पोटभर हसत ते उपाशी बसून राहिले. मी हाताच्या अंतरावर होतो आणि काहीही करू शकत नव्हतो.

लग्न ठरलं, थाटात झालंही. लेकीच्या नव्या घरी बाबा पहिल्यांदा जेवायला आले, त्या दिवशी तिने पर्स उघडली, मला धुतलं, पुसलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी मला उचललं, बगळा पाहिला.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"जाऊ दे गं. एक वेळ नाही जेवलो तर काय होतं?" त्यांनी मला ताटापासून दूर ठेवलं आणि हाताने भात कालवला. दोन घास झाल्यावर म्हणाले, "मला त्या वाढणाऱ्या पोरीचं वाईट वाटलं. काटा कमी भरला असेल, बोलणी खाल्ली असतील तिने. आणि खोटं मी बोललो होतो."

लेकीला पुढे जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मी पुन्हा पर्समध्ये आहे. ऑफिसला जाता-येता ती त्या रेस्टॉरंटवरून जाते. कधी थांबते, कधी पर्सची चेन उघडते, आणि "उद्या" असं पुटपुटून चालू लागते. मला मागायला माणसं लाजतात, हे मला ठाऊक होतं. परत करायला तर त्याहून लाजतात.

आज मात्र ती काचेच्या दाराशी उभी आहे. आत तीच वेट्रेस दिसतेय. खिडकीजवळच्या टेबलावर एक आजोबा काड्या हातात धरून कुणाला विचारावं म्हणून इकडेतिकडे बघताहेत. त्यांच्या पुढ्यातली बशी भरलेलीच आहे.

लेकीचा हात पर्समध्ये आलाय. बोटं गार पडलीत तिची, पण मला धरलंय घट्ट. ताई, वेट्रेस रागावेल कदाचित, रागावू दे. दार ढकल. आजोबांनी आता काड्या खाली ठेवल्यात.