बटणअप्पांची वायर

थंडी पडली की लोकांच्या घरी लोकरीचे कपडे बाहेर निघतात. या घरात आधी वायर निघायची.

स्वयंपाकघराच्या खिडकीमागे वस्तीचं मैदान होतं आणि थंडीच्या एका महिन्यात त्या मैदानात काय काय व्हायचं याला काही सुमार नव्हता. सकाळची दौड, फुलांचं प्रदर्शन, जुन्या वस्तूंची विक्री, आजीआजोबांची संगीतखुर्ची, हौशी मंडळींची नाटुकली आणि शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. एरवी वर्षभर गाडी कोणाच्या दारात लावली यावरून एकमेकांचे गळे धरणारी माणसं या महिन्यात एकमेकांच्या गळ्यात पडायची. आणि या प्रेमाला लागणारी सगळी वीज, माइकपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत, या एका खिडकीतून जायची, कारण मैदानाला स्वतःचं मीटर नव्हतं.

हा उद्योग सासऱ्यांचा. आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं, विजेशी संबंध दिवा लावण्यापुरता. पण कधीतरी ऐन कार्यक्रमात मैदानातला माइक बंद पडला, यांनी खिडकीतून वायर फेकली आणि तेव्हापासून ही नेमणूक कायमची झाली. कार्यक्रम सुरू झाला की ते बोर्डापाशी स्टूल टाकून बसायचे आणि संपेपर्यंत हलायचे नाहीत. वस्तीत त्यांना बटणअप्पा म्हणत. त्यांना ते फार आवडायचं. सुनेला मात्र ते ऐकलं की डोक्यात तिडीक जायची.

कारण वायर जाडजूड, तिच्यामुळे खिडकी लागायची नाही. महिनाभर गार वारा थेट ओट्यावर. सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, पहाटे उठून डबा करायची आणि तो वारा तिच्या हाडात शिरायचा. पण तिचं सोडा. अप्पांची छाती नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना वारं लागता कामा नये. आणि हे बरोबर त्या वाऱ्याच्या तोंडावर बसणार, मफलर गळ्यात घालायच्या ऐवजी खिडकीच्या फटीत कोंबणार, आणि नंतर महिनाभर खोकणार. वाफारे कोणी द्यायचे? सुनेने.

"अप्पा, मफलर माणसांसाठी असतो," ती म्हणायची.

"फटीतून तुलाच वारं लागतं म्हणून लावला," अप्पा म्हणायचे.

"मग वायरच काढा ना!"

"आणि मैदानात काय अंधार करू? लोक जमलेत तिकडे."

नवरा अशा वेळी हटकून कचरा टाकायला बाहेर जायचा. एवढा कचरा त्या घरात होतच नव्हता.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. महिना सुरू व्हायच्या आधी वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी साखर तपासायला लॅबमध्ये आला. बाही वर करून, दुसरीकडे तोंड फिरवून तो म्हणाला, "वहिनी, तुमची सुटका झाली बघा. मैदानाला मीटर मिळालं. पक्का बोर्ड बसवलाय. आता तुमच्याकडच्या वायरची कटकट नाही."

तिच्या हातात सुई होती म्हणून, नाहीतर तिने टाळीच वाजवली असती. "अप्पांना सांगितलंत?"

"ते तुम्ही सांगा ना. घरच्या माणसाने सांगितलं की बरं असतं."

"वायर मागायला येताना घरचं माणूस लागलं नव्हतं ते?"

"वहिनी, जरा हळू," सेक्रेटरी कळवळला. तिने सुई तशी हळूच टोचली होती. निदान तिचं तरी असं म्हणणं होतं.

संध्याकाळी ती जवळजवळ गुणगुणत घरी आली. अप्पा जमिनीवर बसले होते. वायरीचं वेटोळं त्यांनी उलगडलं होतं आणि ओल्या फडक्याने ती हातभर हातभर पुसत होते, कापड मोजावं तशी. घासलेल्या जागी चिकटपट्टी लावली होती. "या वर्षी नाटुकली जास्त आहेत म्हणे," ते म्हणाले. "लोड वाढणार. तुझी इस्त्री त्या वेळी बंद ठेव हं."

उद्या सांगू, म्हणाली ती मनाशी. रात्री नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगा. वडील तुमचे."

"तू सांग," नवरा म्हणाला. "तुझ्याशी ते भांडतात तरी. माझ्याशी बोलतच नाहीत."

असं करत करत दौडीची सकाळ उजाडली. अप्पा अंघोळ करून, वायरीचं टोक खिडकीबाहेर सोडून बसले. कोणी न्यायला आलं नाही. "धावायला काय वीज लागते?" ते स्वतःलाच म्हणाले. तेवढ्यात मैदानातून माइक कडाडला. सर्व स्पर्धकांनी रेषेच्या मागे उभं राहावं, वगैरे.

अप्पांनी आधी माइककडे कान लावला, मग हातातल्या प्लगकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हे कुठून चालू आहे?"

"मीटर मिळालंय मैदानाला," ती पोळी उलटत म्हणाली. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.

"अस्सं," अप्पा म्हणाले. "बरं झालं. हवंच होतं."

त्यांनी वायर आत ओढली, गुंडाळली, खिडकी लावली. घट्ट लागली. ओट्याशी वाऱ्याची झुळूक नाही. जे इतकी वर्षं मागितलं ते पदरात पडलं होतं, आणि तिची पोळी तव्यावर करपली.

त्या दिवसापासून अप्पा शहाण्यासारखे वागायला लागले आणि सुनेचं डोकं फिरायची वेळ आली. मफलर घाला म्हटलं की घालायचे. औषध घ्या म्हटलं की घ्यायचे. भाजीत मीठ कमी पडलं, त्यांनी हूं की चूं केलं नाही. तिने मुद्दाम दुसऱ्या दिवशीही कमी घातलं. तेही खाल्लं. खोकला पार थांबला होता. डॉक्टर म्हणाले, "वा, प्रकृती छान आहे." प्रकृती छान होती, माणूस कुठे होता? दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. फुलांच्या प्रदर्शनाचा गलबला ऐकू आला तसे उठून त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"आता काय करावं या माणसाचं?" ती नवऱ्यावर खेकसली. "वायर होती तेव्हा खोकून जीव नकोसा केला. वायर गेली तर न खोकता करतायत!"

"मी जरा कचरा..." नवरा म्हणाला.

"बसा खाली!"

नाटुकल्यांच्या संध्याकाळी तिचा धीर सुटला. रंगमंच दर वर्षीसारखा त्यांच्या भिंतीकडे पाठ करून उभा होता. ती पायात चप्पल सरकवून तडक मैदानात गेली आणि पाहुण्यांच्या गुच्छांची मोजदाद करणाऱ्या सेक्रेटरीला तिने गाठलं.

"आमच्याकडून एक वायर घ्या," ती म्हणाली.

सेक्रेटरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वहिनी, तुम्हीच तर दर वर्षी..."

"दर वर्षी मी काय म्हणत होते ते मला पाठ आहे. एक दिवा. एक साधा दिवा आमच्या खिडकीतून लावा."

"अहो पण आता कंत्राटदार आहे, नियम आहेत. आणि गरज काय?"

"गरज काय?" तिचा आवाज चढला. खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. "एवढी वर्षं तो माणूस छाती फुटेस्तोवर तुमच्यासाठी वाऱ्यात बसला. गरज सरली तर घरी येऊन चार शब्द सांगायला तुमचे पाय मोडले होते? बाही वर करून मला सांगता! रक्त काढायला आलात म्हणून सांगितलंत, नाहीतर तेही नसतं!"

सेक्रेटरीने गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. तिला उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. ती घरी आली, माळ्यावरून वायर ओढून काढली, खिडकी धाडकन उघडली, प्लग बोर्डात खोचला, दुसरं टोक बाहेर फेकलं आणि पुन्हा बाहेर धावली. रंगमंचाच्या मागे, भिंतीलगत कॉफीवाल्याची गाडी होती. तिच्यावर एक दिवा मजेत जळत होता.

"काढा तो प्लग," ती म्हणाली.

"का बाई? लागतोय की चांगला."

"काढा म्हणते ना! आणि या वायरीत लावा."

कॉफीवाल्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निमूट काढला. गाडी अंधारात बुडाली. दोन गिऱ्हाईकं ओरडली. "अप्पा!" तिने खिडकीकडे हाक मारली. "बटण दाबा! लोक खोळंबलेत इथे!"

बराच वेळ काही झालं नाही. तिला वाटलं, आता हा कॉफीवाला आपल्याला वेड्यात काढणार. मग दिवा लागला.

ती घरात आली तेव्हा अप्पा बोर्डापाशी उभे होते. स्टूल घेतलं नव्हतं.

"तो दिवा आधीच लागत होता," ते म्हणाले.

"लागत असेल."

"मी खिडकीतून बघितलं. तू त्याला दम दिलास."

"दिला. मग?"

"सेक्रेटरीलाही दिलास. ते तर पार इथपर्यंत ऐकू आलं." अप्पा तिच्याकडे वळले. "तू या घरात आल्यापासून मला वाटायचं, ही बाई भांडते ती माझ्याशीच."

तिला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. तिने पदराने नाक पुसलं आणि विनाकारण ओटा पुसायला घेतला. अप्पांनी बटण बंद केलं. बाहेर कॉफीवाल्याने पुन्हा बोंब मारली.

"राहू दे. त्याला त्याचा प्लग लावू दे," अप्पा म्हणाले. "माझा स्वेटर दे. आणि तो मफलर."

"कुठे निघालात या गारठ्यात?"

"नाटक बघायला. इतकी वर्षं मी पडद्याची मागची बाजू बघतोय. फ्यूज उडेल म्हणून उठता यायचं नाही. पुढून लोक हसायचे, मी इथे आपला अंदाज करायचो की काय झालं असेल." ते स्वेटरमध्ये डोकं घालत म्हणाले, "एकदा बघू तर दे, कशाला हसतात मेले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू वायरीवरून बोलत होतीस. मला मध्ये जागा कुठे मिळाली?"

यावर भांडायला तिला खूप काही होतं. पण नाटुकलं सुरू झालं होतं. ती त्यांचा हात धरून वळसा घालून मैदानात आली. अप्पा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे उभे राहिले, कार्यक्रमाला कसं उभं राहायचं हे माहीत नसल्यासारखे, हात कुठे ठेवायचे ते कळेना. सेक्रेटरीने त्यांना पाहिलं आणि तो धावतच आला. अप्पा घर सोडून मैदानात आलेले त्याने कधी पाहिले नव्हते. त्याची नजर आधी दिव्यांकडे गेली, मग माइककडे.

"अप्पा, काय झालं? काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे रंगमंचावर होते. "बघायला आलोय."

सेक्रेटरी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग पहिल्या रांगेत जाऊन त्याने पाहुण्यांच्या शेजारची स्वतःची खुर्ची उचलली आणि डोक्यावरून घेऊन आला.