कुलिपाचं पाऊल

माझी बायको कुलिपा वसंतात गेली. तिचा फोन मी बंद केला नाही. साखरेचा आजार निघाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने त्यात पावलं मोजायची सोय करून दिली होती. दिवसभर चाललं नाही की संध्याकाळी तो वाजायचा. ती गेल्यावरही वाजत राहिला. मला ते ऐकवेना. म्हणून तो कोटाच्या आतल्या खिशात घालून मी रोज पुलापर्यंत चालून येऊ लागलो. ती जायची तोच रस्ता.

शाळा सुरू झाल्यावर माझ्या नातीच्या, सेझिमच्या गणिताच्या बाईंनी मुलांना घरातल्या एकाची चाल मांडून आणायला सांगितलं. आमच्या रस्त्याला दर चाकिरिमवर, म्हणजे किलोमीटरवर, खांब आहे. प्रत्येक खांबाशी थांबायचं, फोनवरची पावलं आणि अंतर टिपायचं, आणि दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात का ते बघायचं. सेझिमने मला धरलं, कारण आमच्या घरात चालणारा मी एकटाच. माझा मुलगा कोपऱ्यावरून पाव आणायलाही गाडी काढतो.

पूल पाचव्या खांबाशी आहे. फोनने चार दाखवले.

वर्गात हशा झाला. म्हातारा शेवटचा चाकिरिम कुणाच्या तरी गाडीत बसला असणार, असं एक मुलगा म्हणाला. बाईंनी, नुरझात एजेंनी, एवढंच सांगितलं की फोनमध्ये पावलाची लांबी भलतीच असेल, ती बदल आणि उद्या फळ्यावर मांड. सेझिम घरी आली ती चहालाही शिवली नाही. तिने फोन उघडला. आत कुलिपाचं नाव होतं, तिचं वजन होतं आणि तिच्या पावलाची लांबी, साठ सेंटिमीटर.

"चोंगाता, इथे तुमचं पाऊल घालू?"

मी नाही म्हटलं.

"मग उद्या वर्गात काय सांगू? आजोबा ऐकत नाहीत म्हणून?"

"तसंच सांग."

सून म्हणाली, फोन तो फोन, त्यात काय एवढं. पोरीचं उद्या हसं होणार हे मला कळत होतं, पण तो आकडा पुसायला हात होईना.

सेझिम आपल्या कागदाकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, की दर खांबाशी अंतर पाचव्या भागानेच कमी पडतंय. मी गाडीत बसलो असतो तर फक्त शेवटचा आकडा बिघडला असता. मग तिने गाईचं दावं घेतलं आणि मला अंगणात नेलं. तीन मीटर दावं जमिनीवर ताणलं आणि नेहमीसारखं चाला म्हणाली. माझी चार पावलं झाली. तिने मनात गुणाकार केला.

"तुमची चार, तेवढ्यात चोंगेनेची पाच. कुठेही जा, किती लांब जा, हेच."

चोंगेने म्हणजे तिची आजी. बाजारातून येताना कुलिपा दर वेळी म्हणायची, ए म्हाताऱ्या, तू चालतोस आणि मी पळते. तरी दारात आम्ही बरोबरच पोचायचो.

दुसऱ्या दिवशी सेझिमने वर्गात सांगितलं, की फोन चुकत नाही. तो चोंगेनेच्या पावलाने मोजतो, म्हणून त्याचा आकडा सव्वापट करायचा की आजोबांचं अंतर निघतं. एजेंनी पाचपैकी पाच दिले आणि दावं शाळेत मागवून घेतलं. आता सगळी मुलं आपापल्या आज्यांना अंगणात चालवतायत. हसणाऱ्या मुलाची आजी त्याला म्हणाली म्हणे, आधी माझे गुडघे मोज.

कुलिपाचं साठ अजून फोनमध्ये आहे. संध्याकाळी सेझिम माझ्याबरोबर पुलापर्यंत येते. पहिल्या खांबापाशीच तिला दम लागतो.

"हळू चाला ना. तुमची चार होतात तेव्हा माझी सहा होतात."

मी पावलं आखूड करतो.

"पुढच्या वर्षी पाच होतील, बघा," ती म्हणते.