वैजापूरपाशी फाटलेला नकाशा

मी नकाशा बोलतोय. आपल्याच जिल्ह्याचा! जरा घाईत बोलतोय, कारण उद्या सोमवार आहे आणि मला परत वर्गात जायचंय.

छापखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता यार! वाटलं, आता पोरं रोज बघणार. कुठलं काय! वाळूजच्या एका शाळेत आलो आणि थेट कपाटात. तपासणीला साहेब आले की भिंतीवर, साहेब गेले की गुंडाळी. मुख्याध्यापक रामकिसन सरांचा नियमच होता, "लांबून बघा. हात लावायचा नाय."

मग प्रेरणा मॅडम आल्या. सामाजिक शास्त्राच्या, तासिका तत्त्वावर, पहिलीच नोकरी. सर म्हणाले, "मी वर्गात बसून एक पाठ बघणार. जमला तर पुढच्या वर्षी ठेवू."

झालं! मॅडमनी मला उचललं ते थेट शहरात, सिडकोतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीवर. कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगलं, टॉवेलच्या शेजारी. बी.एड.ला शिकवतात तसं टाचण काढलं. एका रकान्यात प्रश्न, शेजारी पोरांची 'अपेक्षित उत्तरं'. म्हणजे पोरांनी काय बोलायचं तेसुद्धा आधीच लिहून ठेवलेलं! मग रूममेट मोनिकाला वर्ग म्हणून समोर बसवलं.

"वाळूजला कारखाने का आले?"

"रस्ते, वीज आणि पाणी यांमुळे, मॅडम!" मोनिकानं टाचणात बघून घडाघडा वाचलं. "काय हुशार वर्ग आहे गं तुझा! चहा पाज आता वर्गाला."

शुक्रवारी पाठ. सर मागच्या बाकावर. मॅडमनी तोच प्रश्न टाकला. ज्ञानेश्वरी नावाची पोरगी उठली. "मॅडम, कारखाने कुठं आले? आम्ही आलो की! वैजापूरहून. पप्पा कंपनीत लागले तवा."

वर्ग खी खी हसला. मॅडम टाचण चाळायला लागल्या. तिथं हे उत्तर नव्हतंच! मी भिंतीवरून जीव तोडून ओरडत होतो, अहो, तिथं काय शोधताय, माझ्याकडं बघा!

आणि बघितलं की त्यांनी! "ये गं, दाखव कुठून कुठं आलात."

तिचं बोट माझ्या अंगावरून फिरलं. कसल्या गुदगुल्या झाल्या! मग सगळा वर्गच उठला. "माझं लासूर स्टेशन!" "सरक की रे!" "आमचं गावच नाय ह्याच्यात!" त्या ढकलाढकलीत मी वैजापूरपाशी टर्रकन फाटलो. तेवढ्यात घंटा. कारखान्यांची कारणं राहिलीच.

"मॅडम, घटक अर्धाच झाला," सर म्हणाले. "नकाशा पण फाटला." सर दारापर्यंत गेले, वळले. "सोमवारी उरलेला घ्या. मग ठरवतो."

आज रविवार. मी परत दोरीवर, पाठीला चिकटपट्टी. मॅडम सकाळपासून नुसत्या येरझारा घालतायत. टाचणात एकच प्रश्न आहे, 'मग कंपनी तुमच्या गावातच का नाही निघाली?' उत्तराचा रकाना कोरा.

"अगं, मग मी काय वाचू?" मोनिका वैतागली.

"वाचू नको. तुला काय वाटतं ते सांग."

मोनिका चक्क विचारात पडली!

पोरांनो, उद्या सर मागं बसतील. घाबरू नका. चुकलं तरी बोला. पुढं या, मला हात लावा. गंगापूर, कन्नड, पैठण, कुठंही फाटलो तरी चालेल मला. मॅडम तेवढ्या राहिल्या पाहिजेत.