काट्याकडे बघत तीन श्वास

या, असे जवळ सरका. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं, जागा होईल. आज एका बहिणीची गोष्ट सांगायची आहे, तिनं आपल्या भावाचा सूड कसा उगवला त्याची. देवाचं नाव घेणाऱ्यानं सूडाची गोष्ट सांगावी का, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यानं आधी ती पुरती ऐकावी.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची. केसाएवढा फरक राहिला तरी बोटाला कळायचा. तिचा दादा शाळेत नकाशे शिकवायचा आणि सुट्टी लागली की समुद्रात बुडी मारायला जायचा. तीन वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीत, "एकदा बघ तरी," म्हणून तो तिला होडीवर घेऊन गेला. उतरताना हसत उतरला आणि वर आला तो दोघांनी धरून आणलेला.

चौकशी झाली. सिलिंडरात हवा भरपूर, सामानात दोष नाही. होडी ज्याची, बुडीचं सामान विकायचं दुकानही ज्याचं, त्या गृहस्थाला सगळे कप्तान म्हणत. तोच त्या दिवशी दादाचा पाण्यातला जोडीदार होता. त्यानं साक्ष दिली, "घाबरला हो. खाली गेला आणि घाबरला."

झालं. तो एक शब्द घराला चिकटला. भेटायला आलेले नातेवाईक चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "एवढं भित्रं होतं पोर, तर जायचं कशाला?" शेवटी आईनं दादाचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात साड्यांखाली ठेवला.

दादा नेमका कशाला घाबरला, हे कळावं म्हणून धाकटी बुडी शिकायला गेली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पाण्यात पाय टाकायलाही भिणारी बाई. तिसऱ्या धड्याला शिकवणाऱ्या बाईंनी सिलिंडर समोर ठेवला आणि वरचा नॉब दाखवला.

"हा पूर्ण उघडायचा. जुन्या माणसांना सवय असते, पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायचा. आता एक चूक ऐका. नॉब आधीच उघडा असतो. कुणीतरी मागून येतं, खात्री करायला म्हणून फिरवतं आणि नेमकं उलटं फिरवतं. नॉब पूर्ण बंद होतो आणि सवयीनं मागे घेतलेला पाव फेरा तेवढा उघडा राहतो. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा तरी भरलेलाच दाखवतो, कारण नळीत हवा आहे. वर बसून श्वासही घेता येतो. खोल गेलं की मात्र हवा पुरत नाही. म्हणून उतरण्याआधी काट्याकडे बघत तीन श्वास घ्यायचे. काटा हलला की समजायचं, नॉब बंद आहे."

धाकटीच्या हातातली वही खाली पडली. होडीवर ती दादाच्या समोरच बसली होती. दादानं आपलं सगळं तपासलं होतं. अगदी शेवटी कप्तान मागून आला, नॉबला झटका दिला, "झालं, उतरा," म्हणाला. दादाच्या छातीवरचा काटा खाली वर होत होता आणि ही वेडी हसून म्हणाली होती, "दादा, तुझा काटा बघ कसा मान डोलावतोय."

त्या दिवशी ती बसचे सहा थांबे चालत घरी गेली. पुढचे दोन महिने वर्ग सुटल्यावर मागे थांबून ती एकच गोष्ट करायची. न बघता, मागून, एका हातानं नॉब बंद करून पाव फेरा उघडायचा. भिंगं घासणारी बोटं ती, आठवड्यात तरबेज झाली.

मग एका शनिवारी सकाळी ती कप्तानाच्या दुकानात गेली. शनिवार मुद्दाम निवडलेला. दुकानामागं तीस फूट खोल तलाव होता आणि शनिवारी बाईंचा दुसरा वर्ग तिथं भरायचा.

"पहिलीच खरेदी?" कप्तानानं विचारलं. तिला त्यानं ओळखलं नाही. ओळखेल कसा, होडीवर रोज नवी गिऱ्हाइकं, आणि चौकशीच्या दिवशी त्यानं त्यांच्या बाकाकडे मान वळवली नव्हती.

"पहिलीच."

"मग ताई, घाई नाही करायची. पावतीला नाव काय घालू?"

"नाव शेवटी सांगते."

त्यानं आधी मास्क काढले. "पट्टा डोक्याला लावू नका. नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकानं श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला की तो तुमचा." तिसरा मास्क चिकटला. काचेतून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पायांचे पंखे आले, टाचेला अंगठा जाईल एवढे सैल. मग रबरी सूट. त्यात शिरताना ती पडद्याआड इतकी धडपडली की कप्तान बाहेरून म्हणाला, "आत एकट्याच आहात ना ताई?" धाकटीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. माणूस तोंडाचा गोड होता, हेच तर वाईट होतं.

"हा रेग्युलेटर. पंख्याचा नव्हे बरं का," तो म्हणाला. हा विनोद तो रोज करत असणार. "सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणतो तो हा. आणि हे जॅकेट, हवा भरली की वर, सोडली की खाली. पूर्ण संच घेतलात तर मागच्या तलावात चाचणी आमच्याकडून. जोडीला मी स्वतः उतरतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाचंही आजवर वाईट झालेलं नाही."

"एकाचंही?"

"एक होता. तो त्याच्या भीतीनं गेला." हे तो पंख्याचं बक्कल घट्ट करता करता बोलला.

तोवर तिच्या मनात कुठं थोडी धाकधूक होती. ती तिथंच संपली.

तलावाच्या काठावर बाईंचे आठ विद्यार्थी पाय पाण्यात सोडून बसले होते. कप्तानानं नवा संच सिलिंडरला जोडला, नॉब उघडला, तिच्या पाठीवर चढवला. मग स्वतःचा चढवून काठावर बसला, पाठ तिच्याकडे. त्याचा नॉब तिच्या हाताच्या अंतरावर. धाकटीनं देवाचं नाव घेतलं आणि हात पुढं केला. कुठल्या कामाला आपण कुणाला हाक मारतोय, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही.

बोटं नॉबला टेकली आणि कप्तान उठला. "थांबा ताई, आधी तुमचं बघतो."

तो तिच्या मागं आला. झटका, मग छोटा उलट झटका. "शेवटपर्यंत आणि पाव मागं. झालं. आता निर्धास्त उतरा."

तोच हात, तेच शब्द. तिनं माउथपीस तोंडात धरला, गेज डोळ्यांसमोर आणला आणि श्वास घेतला. काटा खाली गेला. सोडला, काटा वर आला. दुसरा. तिसरा. तीन वर्षांत हा माणूस काही म्हणता काही शिकला नव्हता.

आता त्याच्या सिलिंडरला हात लावायची गरजच उरली नव्हती.

"कप्तान, हे जॅकेट काखेत काचतंय," ती म्हणाली. "तुम्ही घालून बघता का? मी तुमचं घालते. ही मुलंही बघतील नवा संच कसा बसतो ते."

आठ जण बघतायत म्हटल्यावर कप्तान फुलला. सिलिंडरासकट अदलाबदल झाली. त्यानं गेजवर नजर टाकली, काटा भरलेला.

"तीन श्वास नाही घ्यायचे?" तिनं विचारलं. देवानं पुढं विचारलं तर सांगता यावं म्हणून विचारलं.

"ताई, ते वर्गातले धडे. आम्ही आता त्याच्या पुढं गेलो."

तिनं स्वतः मात्र तीन श्वास घेतले. काटा हलला नाही. दोघं उतरले.

तळाशी पोचल्यावर ती भिंतीकडेनं जोरात पोहू लागली. गिऱ्हाईक पुढं, म्हणून तोही मागं जोरात. दुसऱ्या फेरीला तो थांबला. मास्कच्या काचेआड डोळे मोठे झाले. त्यानं गळ्यावरून आडवा हात फिरवला, हवा नाही. तिच्या छातीवर जादा माउथपीस होता, पिवळा, जोडीदाराला द्यायचा. दादाला हवा होता तेव्हा, चौकशीतच निघालं होतं, जोडीदार वीस हात पुढं दुसऱ्या गिऱ्हाइकांना मासे दाखवत होता. तिनं तो पिवळा माउथपीस मुठीत झाकला, दुसऱ्या हातानं त्याचा गेज उचलून त्याच्या डोळ्यांपुढं धरला. तो ओढायचा, काटा शून्यावर. तो थांबायचा, काटा वर. कप्तानाला वाचता आलं. त्याचा चेहरा बदलला तो तिनं नीट बघितला.

ती मोजत होती. पाच. सहा. वर पळू नये म्हणून त्याचा पट्टा तिनं घट्ट धरला होता. आठ. नऊ.

इथं तिला दया आली असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिला आठवली आई आणि साड्यांखालचा फोटो. मेलेल्या तोंडाला साक्ष फिरवता येत नाही. तिनं मूठ उघडली.

काठावर कप्तान गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता. धाकटीनं मास्क काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता विचारलं, "घाबरलात का, कप्तान?"

मग ती बाईंकडे वळली. "तुम्ही बघा. दुसऱ्या कुणी हात लावू नका." बाईंनी त्याच्या माउथपीसमधून श्वास घेतला, काटा बघितला, मग नॉब बंद केला. पाव फेऱ्यातच तो अडला.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं. आठही जणांनी एकाच माणसाकडे बघितलं.

"पावतीला नाव हवं होतं ना," धाकटी म्हणाली. "लिहा. नकाशे शिकवणारे सर होते, तुमच्या होडीवरून गेलेले. त्यांची बहीण."

कप्तानानं पाठीवरचा संच उतरवून ओल्या फरशीवर ठेवला. मग म्हणाला, "त्यांना वर आणल्यावर नॉब मीच बंद केला. पाव फेऱ्यात बंद झाला. हाताला तेव्हाच कळलं होतं."

सोमवारी त्यानं साक्ष फिरवली. बाई आणि आठ जण सह्या करायला गेले. परवाना गेला, दुकानाला कुलूप लागलं. पण धाकटीचा सूड तेवढ्यावर भागणारा नव्हता. ती त्याला घरी घेऊन आली आणि आईसमोर उभं केलं.

"ते घाबरले नव्हते," कप्तान म्हणाला. "चूक माझ्या हाताची होती."

आईनं पदर सावरला. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं.

"परत."

तिसऱ्यांदा म्हणून तो गेला. त्याला कुणी पाणी विचारलं नाही, अजूनही त्या घरात कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. देव क्षमा करत असेल, त्याची ऐपत मोठी. आईनं कपाट उघडलं, फोटो पुसला, धाकटीला म्हणाली, "हातोडी आण." खिळा जुन्या जागीच होता, नुसता ठोकून घट्ट करावा लागला.

तोच संच घालून धाकटी आता समुद्रात उतरते. तर माझ्या माणसांनो, उठण्याआधी एवढं करा. आपला हात जिथं सवयीनं फिरतो, तिथं त्या दादाला आठवा. नकाशे शिकवायचा, हसत उतरला होता, घाबरला नव्हता.