बालाघाटचा बेडूक

बपेऱ्याच्या तलावावर भैय्यालाल आणि इश्वर यांची बोलाचाल बंद झाली ती एका बेडकापायी. बेडूक जिवंत नव्हता. बोटभर लांबीचा, हिरव्या कापडाचा, पोटाशी गळ लपवलेला, मरळीला भुलवायचा बेडूक. कमळाच्या पानांवरून तो टुणटुण ओढत आणला की खाली दडलेली मरळ पान फाडून वर यायचीच. असा बेडूक पंचक्रोशीत एकट्या भैय्यालालकडे होता, आणि त्याच्याकडेही आता शेवटचाच उरला होता. दिवाळीआधी इश्वरनं तो हातापाया पडून मागून घेतला. पहिल्याच फेकीत मरळ दोरी तोडून बेडकासकट गेली.

"दुसरा आनून देतो ना बापा. तू दुकानाचा बरोबर पत्ता त सांग," इश्वर म्हणाला.

भैय्यालालनं आपली काठी उचलली, घरी येऊन ती वळचणीला खोचली आणि खाटेवर पडला. तो पडलाच.

धान पिवळं झालं होतं. बांधावर एक चक्कर मारून तो परत खाटेवर येई आणि भिंतीकडे तोंड करी. बायको चंद्रकांताबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभर या माणसाला अंगणाबाहेर कोणी काढलं असेल तर त्या तलावानं. वर्षश्राद्धाला भंडाऱ्याहून आलेली त्याची मुलगी रिता हे पाहत होती. आईच्या वेळी काही करायला सवड मिळाली नव्हती. इथे निदान एक बेडूक आणायचा होता. बाप उठून तलावावर गेला म्हणजे झालं, असं तिनं ठरवलं.

पण बेडूक आणायचा कुठून, यावर गावात मोठा इतिहास होता. इश्वरला भैय्यालालनं बालाघाटचं दुकान सांगितलं होतं. सरपंचाच्या भावाला गोंदिया, पोस्टमनला तुमसर, आणि कंपाउंडरला तर वाराशिवनी, तीही एका पिंपळाच्या खुणेवर. सगळे जाऊन आले होते. इश्वर भर उन्हात बालाघाटला गेला आणि रिकाम्या हातानं नको म्हणून कुकरची रिंग घेऊन आला. दुकान सापडलं नाही म्हणून कोणी तक्रार केली की भैय्यालाल शांतपणे विचारायचा, डाव्या हाताले पाह्यलं का उजव्या? डाव्या म्हटलं तर उजव्याला होतं. उजव्या म्हटलं तर त्या दिवशी बंद असन.

रितानं वेळ घालवला नाही. तुमसरला जाऊन एका दुकानातून रबरी बेडूक आणला, आणि मोबाइलवरून आणखी एक मागवला. तो चकचकीत डबीत, कापसावर निजून आला. दोन्ही तिनं खाटेवर ठेवले.

भैय्यालाल कुशीवर वळला. तुमसरचा बेडूक त्यानं तळहातावर तोलला आणि हा फेकला तर मरळीचं टाळकं फुटेल, म्हणाला. मग डबीतला उचलून डोळ्यांसमोर धरला.

"याचे डोये पाह्य. हा त सोताच भेऊन राहिला."

बऱ्याच दिवसांनी तो कशाला तरी नावं ठेवत होता. रिताला तेवढ्यानंही बरं वाटलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "मंग खरं दुकान सांगा, बाबूजी. बालाघाट, गोंदिया, जिथं असन तिथं जातो मी. डाव्या हाताले पाह्यतो न उजव्या हातालेही."

अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "दुकान नाही."

"म्हंजे बंद झालं?"

"नव्हतंच. तुही माय शिवे."

रिताला ते पटायला वेळ लागला. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. गावच्या भजनी मंडळात पहिला टाळ तिचा. मासोळी घराचा उंबरा ओलांडत नसे. भैय्यालाल गुरांच्या कोठ्यामागे तीन दगडांवर ती रांधायचा, तिथेच खायचा आणि आंघोळ करूनच घरात शिरायचा. एकदा रितानं वाढदिवसाचा केक आणला, तर त्यात अंडं आहे म्हणून मायनं तो गायीपुढेसुद्धा ठेवू दिला नव्हता.

"मायनं? गळ लावून?"

"गरी मी लावो. थे फक्त बेडूक शिवे. म्हने, मी त बाहुली शिवली. तिले पान्यात कोन फेकते, मले का मालूम."

रिता हसली. हसता हसता थांबली. आईची ती बोलायची ढब हुबेहूब होती.

बाकीचं त्यानं कोंबडीकडे बघतच सांगितलं. मंडळात चंद्रकांताचा मान होता. माळकरीण बाई मरळीसाठी बेडूक शिवते हे बाहेर फुटलं असतं तर बायांनी तिच्या हातातला टाळ काढून घेतला असता. म्हणून दुकान काढावं लागलं. एकाच गावचं सांगितलं असतं तर कोणी ना कोणी खोटं पाडलं असतं, म्हणून चार गावांत काढलं. आता ती नाही, बेडूक नाही, तर दुकानाचं काय सांगायचं, अशी त्याची अडचण होती. इश्वरशी भांडण हे निमित्त.

त्या दुपारी रितानं स्वतः बेडूक करायला घेतला. पोटात काय भरायचं, तर चप्पल, एवढंच भैय्यालालला ठाऊक होतं. तिनं आपली एक जुनी सँडल कापली, हिरव्या चिंधीत शिवली आणि बादलीत सोडली. बेडूक दगडासारखा तळाला गेला.

"भंडाऱ्याची चप्पल हाय," खाटेवरून आवाज आला. "डुबनारच."

हलकी, रबरी, झिजलेली चप्पल हवी होती. म्हणून ती शकुनबाईकडे गेली. शकुनबाई भजनी मंडळाची प्रमुख. वयानं थकलेली, पण तिच्या एका नजरेनं मृदंग ताल सोडत नसे. बादली धुवायच्या ब्रशाला रबर हवंय, अशी काहीतरी सबब रितानं वाटेत जुळवून ठेवली होती. ती पुरी ऐकायच्या आत म्हातारी आत गेली आणि डाव्या पायाची एक चप्पल घेऊन आली. सोबत पोपटी पोलक्याचा तुकडा.

"डावीच ने," ती म्हणाली. "डावी जास्त घासते, पातळ रायते. चंद्रकांता उजवीले हात नाही लावे. न पाय लोकरीचे लाव, सुताचे लावसीन तं भिजून चिपकतात."

"काकी, तुमाले मालूम होतं?"

"मालूम का म्हनतं? मंडळातच बसून शिवे. आमी अभंग म्हनो, थे पाय लावे."

"देवापुढं बेडूक?"

"मंग? बेडूक कोनाचा हाय?"

शकुनबाईनं मग सगळंच उलगडलं. अर्ध्या बायांच्या चपला त्या कामी गेल्या होत्या. इश्वरच्या पुष्पाबाईनं तर नवी कोरी दिली होती, नवऱ्याची. रितानं विचारलं, मग एकीनंही आपल्या घरी कसं सांगितलं नाही?

"मानसाईले कायले सांगाचं? चंद्रकांतानं कोनाले सांगू नोको म्हनलं होतं. कळसा काखेत होता न आमचे बुढे बालाघाटले वळसा घालून येत होते. तेवढा दिवस घर शांत राये." म्हातारीनं पदरानं चप्पल पुसून दिली. "अन तू बापाले नोको सांगजो. इतके वर्स जपलं त्यानं. जपू दे."

रितानं सांगितलं नाही. बेडूक शिवला तो दिसायला काही देखणा नव्हता. एक पाय लांब झाला, पोट एका अंगाला सुजलं. पण बादलीत तरंगला. भैय्यालालनं तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला, टाके मोजल्यासारखं बोट फिरवलं, तुझी माय असती तर उसवायला लावलं असतं, म्हणाला. आणि गळ आणायला उठला.

सकाळी तलावाच्या पारीवर, त्या मातीच्या बांधावर, दव होतं. कापलेल्या धानाचा वास खालच्या बांध्यांमधून वर येत होता. भैय्यालालनं काठी घेतली, बेडूक कमळांच्या पलीकडे टाकला आणि हलके हलके ओढू लागला. लांब पायामुळे तो जरा लंगडत होता. पलीकडे चिंचेखाली इश्वर पाठ करून बसला होता. फेकीगणिक त्याची पाठ थोडी थोडी वळत गेली. तिसऱ्यांदा बेडूक पानावरून घसरला, पाणी फुटलं, काठी कमानीसारखी वाकली, आणि हातभर मरळ पारीवर येऊन तडफडली, तोवर इश्वर तिला दाबायला धावलाही होता.

मरळ शांत झाली. इश्वरनं तिच्या जबड्यातून बेडूक सोडवला, बोटांत धरून न्याहाळला.

"नवा दिसते."

"नवाच हाय."

"कोठचा?"

भैय्यालालनं एकदा रिताकडे पाहिलं. ती तलावाकडे बघत होती.

"थो दुकानवाला आता नागभीडले गेला," तो म्हणाला. "पोरगी थेट तिथून घेऊन आली. लय आड बाजूले हाय, तुले नाही सापडाचं."

"सांग त खरी खून."

भैय्यालालनं खूण सांगितली. रेल्वे फाटक, मग एक विहीर, मग डाव्या हाताला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच इश्वरनं मोटरसायकल काढली. पुष्पाबाईनं त्याला कुठे, कशाला, काही विचारलं नाही. पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि वर कांदा, असा डबा मुकाट्यानं भरून दिला.