गायक : झकासबाजा डॉट कॉम

"पडद्यावर नाव काय लिहिलं हाय, थे वाच ना बाप्पा," रुखमाबाई म्हणाली.

"झकासबाजा डॉट कॉम."

"हे कोण्या गावचे?"

"गावचे नाही काकू, साइट हाय थे. आपण गाणं जिथून उतरवतो ना, थे साइट गायकाच्या जागी सोताचंच नाव टाकते. साऱ्याच गाण्याले."

"म्हणजे सारे गाणे एकच माणूस म्हणते?"

घाटंजीच्या बसस्टँडसमोरच्या प्रफुल्लच्या दुकानापुरतं ते खरंच होतं. पाटीवर रिचार्ज लिहिलेलं असलं तरी दुकान चालत होतं ते मेमरी कार्डात गाणी भरून देण्यावर. कार्ड घ्यायचं, जुनी गाणी पुसायची, नवी भरायची. लग्नाची, भजनाची, कव्वालीची, एप्रिल आला की भीमजयंतीची. गायक सगळ्यांचा एकच, झकासबाजा. इतका अष्टपैलू कलावंत जिल्ह्यात दुसरा नव्हता आणि त्यानं कधी मानधनासाठी तक्रारही केली नव्हती.

रुखमाबाईच्या शेजारी स्टुलावर तिचा नवरा बसला होता, मारोती मुनेश्वर. कापसाच्या जिनिंगमधला हमाल. गळ्याला रुमाल बांधलेला. रुमालाखाली भोक होतं आणि मारोती त्यातून श्वास घेत होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यानं ज्या निष्ठेनं खाल्ला त्या निष्ठेनं माणसं देवधर्मही करत नाहीत. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचा कंठ काढून घेतला आणि बाकीचा मारोती परत पाठवला. तेव्हापासून तो हातांनी बोलायचा आणि रुखमाबाई त्याचं तोंडी भाषांतर करायची. भाषांतर करताना ती स्वतःची भर घालते अशी वस्तीत शंका होती. मारोतीला ती तक्रार बोलून दाखवता येत नव्हती.

"ते म्हणते का, झकासबाजाले सांगा, हे गाणं आमचं हाय," रुखमाबाई म्हणाली.

मारोतीनं फक्त पाण्याचा ग्लास मागितला होता.

गाणं मात्र त्याचंच होतं. कॅसेटच्या काळात यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्यानं ते जयंतीसाठी भरून घेतलं होतं. शब्द मारोतीचे, चाल मारोतीची, मागे टाळ्या रुखमाबाईच्या. 'माय माही अंगठेबहाद्दर, मले अक्षर देऊन गेली.' दुसऱ्या कडव्याआधी धृपद पुन्हा घेताना मारोती खाकरला होता. पुन्हा भरायला स्टुडिओवाल्याला वेळ नव्हता, त्यामुळे ते खाकरणंही कॅसेटसोबत गावोगाव गेलं. घरातली कॅसेट पुढे बिघडली, तेव्हा तिची फीत पाखरं हाकलायला दुसऱ्याच्या शेतातल्या ज्वारीवर बांधली गेली. वाऱ्यावर ती चांगली वाजायची.

मग या हंगामात, कापूस वेचताना, सोबत वेचणाऱ्या तुळसाबाईच्या ओटीतल्या मोबाइलवर ते गाणं लागलं. रुखमाबाई वेचतच होती. खाकरण्यापाशी तिचा हात बोंडातच थांबला.

"शीला," तिनं सुनेला हाक मारली, "आयक वो. हा आपला बुढा हाय."

शीला त्या घरात आली ती ऑपरेशननंतर. सासऱ्याच्या पुढ्यात तिनं आजवर पाणी ठेवलं, भाकर ठेवली, त्याचे रुमाल धुतले; आवाज ऐकला नव्हता. पोटाशी बांधलेली कापसानं भरलेली ओटी सांभाळत ती गाणं संपेपर्यंत कपाशीच्या तासात उभी राहिली. घरी आल्यावर सासऱ्यासमोर बोलायची तिची रीत नव्हती, तरी म्हणाली, "मामाजी, तुमचा आवाज लय मोठा होता."

मारोती त्या संध्याकाळी जेवला नाही. रुखमाबाईनं भाषांतर केलं नाही.

गळ्यात पुन्हा गाठ आली होती आणि पुन्हा नागपूरला न्यायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून आज ती त्याला घेऊन प्रफुल्लकडे आली होती. तिचं मागणं सोपं होतं. माणूस जाणार आहे, तर निदान गाण्यावर त्याचं नाव लागावं.

गाण्याचं पान उघडेना. तेवढ्यात प्रफुल्लनं गिऱ्हाइकाचं मन रमवायला आपली विद्या दाखवली. "हे पाहा काकाजी, इथं गाण्याचे बोल भेटते. इथं नुसतं गुणगुणलं का साइट गाणं वळखते." तो गुणगुणला. साइटनं त्याला चित्रपटातली आरती ठरवलं. तो लावणी गुणगुणत होता. "आन हे तर भारीच. इथं गाणं टाकलं का गायकाचा आवाज काढून टाकते. नुसतं म्युझिक उरते."

मारोतीनं बोट आपल्या रुमालाकडे केलं आणि मग पडद्याकडे.

"ते म्हणते, आमच्या इथं हे करून झालं," रुखमाबाई म्हणाली. या वेळी भाषांतर शब्दशः होतं. मारोतीचे खांदे हलले. तो असाच हसायचा.

गाणं उघडलं. प्रफुल्लनं आवाज मोठा केला. रस्त्यावरची जीप गेली, मागून रुखमाबाईच्या टाळ्या आल्या, आणि तीस वर्षांचा मारोती दुकानभर झाला. स्टुलावरच्या मारोतीनं गुडघ्यावर ठेका धरला. वर जाणाऱ्या सुराला त्याचं तोंड उघडलं आणि रुमाल तेवढा फडफडला.

"माह्या फोनात टाक हे," रुखमाबाई म्हणाली.

"या डबड्यात पुरं गाणं मावत नाही काकू. रिंगटोन बसते. कापून देतो. हे खाकरणं काढून टाकू ना?"

"खबरदार! थेच तर त्याइचं हाय. तिथूनच सुरू कर."

"बरं. आन पुऱ्या गाण्याची फिकर नको. कॅसेट बिघडते, माणूस जाते. नेट कुठं जाते?"

रिंगटोन फोनात बसवल्यावर त्यानं साइटवाल्यांचं तक्रारीचं पान काढलं. तक्रारीचे प्रकार ठरलेले होते. गाणं अश्लील आहे. गाणं वाजत नाही. हे गाणं माझं आहे. 'नाव चुकलं आहे' असा प्रकार नव्हता. गायकाला नाव असतं हीच कल्पना बहुधा त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

"तिसरंच," रुखमाबाई म्हणाली. "मंघापासून थेच तर सांगून राह्यली मी. गाणं आमचं हाय."

प्रफुल्लनं तिसरं दाबलं. खाली नाव लिहायची जागा होती. तो एकेक अक्षर दाबत मोठ्यानं म्हणत गेला, मारोती गोमाजी मुनेश्वर, घाटंजी, आणि मारोतीचे ओठ त्याच्याबरोबर बिनआवाजी हलत गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघं पुन्हा आली. मारोतीनं धुतलेला सदरा घातला होता.

"उत्तर आलं?"

"आलं काकू." प्रफुल्ल पडद्याकडेच पाहत राहिला. "तुमची तक्रार मान्य झाली."

"मान्य म्हणजे?"

"म्हणजे गाणं तुमचंच हाय हे त्याइनं मानलं."

"पाहा, म्हटलं नव्हतं?" ती मारोतीकडे वळली. "मानलं त्याइनं! लाव बरं, नाव कसं दिसते पाहू दे."

"गाणं नाही आता."

"काहून? लाइन नाही का?"

"लाइन हाय. गाणं तुमचं हाय म्हणून त्याइनं काढून टाकलं. तसा कायदाच हाय म्हणते."

"माणसाचं हाय म्हणून काढून टाकलं? मंग झकासबाजाचं होतं तवा बरं चाललं होतं?"

प्रफुल्लनं साइटचं उत्तर खालपर्यंत वाचलं. गैरसोयीबद्दल तिनं क्षमा मागितली होती.

"तुह्या कॉम्पुटरात असन ना."

"रिंगटोन कापली आन पुरं गाणं पुसलं काकू. जयंतीचे गाणे मी एप्रिलाबिगर ठेवत नाही. जागा लागते."

"तुळसाबाईच्या कार्डात?"

तुळसाबाईच्या घरी लग्न होतं. चार दिवसांपूर्वी तिचं कार्ड प्रफुल्लनंच पुसून लग्नाच्या गाण्यांनी भरून दिलं होतं. त्यानं बाकी साइट शोधल्या, बोल टाकून पाहिले, ओळखणाऱ्या साइटपुढे जीव तोडून गुणगुणून पाहिलं. साइटनं त्याला या वेळी अंगाईगीत ठरवलं.

मारोतीनं हातानं काहीतरी सांगितलं. लहानशीच खूण होती.

"काय म्हणते काकाजी?" प्रफुल्लनं विचारलं.

रुखमाबाईनं त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "काही नाही," ती म्हणाली. "चाला म्हणते."

मारोती होळीच्या आधी गेला. त्या वर्षांत जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बाहेर मोठी मोजदाद होती. दिल्लीची माणसं यायची, कॅमेरे यायचे, मरणारा मदतीला पात्र की अपात्र हे ठरवायला समिती बसायची. मारोतीच्या दारीही एक कर्मचारी सवयीनं येऊन गेला. सातबारा आहे का, कापूस किती होता, असं त्यानं विचारलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कापसाच्या गाठी वाहिलेल्या माणसाच्या नावावर एक बोंडही निघालं नाही. तेव्हा तो पात्रही ठरला नाही आणि अपात्रही. शेतीच नसल्यामुळे तो नुसताच मेला.

मारोतीला स्मशानात नेऊन आल्यावर माणसं ओसरीत बसली होती. खर्रा फिरत होता. जिनिंग औंदा किती महिने चालेल यावर बोलणं चाललं होतं. एवढ्यात आत खुंटीला टांगलेल्या पिशवीत मोबाइल वाजला. लांबचं कोणी नातेवाईक असणार, खबर लागलेलं.

आधी तो खाकरला. मग म्हणाला, 'माय माही...'

शीला उठली. रुखमाबाईनं तिचा हात धरला.

"नको उचलू. म्हणू दे त्याइले."

ओळ पुरी झाली, पुन्हा सुरू झाली आणि मध्येच तुटली. पलीकडच्याला वाटलं असणार, घरात कोणी नाही. त्यानं पुन्हा लावला.

पिशवीतून खाकरल्याचा आवाज आला. ओसरीतली माणसं बोलायची थांबली आणि सावरून बसली, समोर कोणी गायला उभं राहिलं की बसतात तशी.