भैरूच्या चिठ्ठीतला शब्द

१९५६ साली पिंपरीच्या एका काचेच्या कारखान्यात हुकूम निघाला, की दवाखान्यात काम करणाऱ्यांनी इंग्रजी शिकावं. मॅनेजर इंग्रज होता. आजारी कामगाराची चिठ्ठी त्याच्या टेबलावर जाई आणि त्याला मराठी वाचता येत नसे. डॉक्टर पुण्याहून फक्त शनिवारी येत. एरवी चिठ्ठ्या हिंदुराव कंपाउंडर लिहीत, म्हणून शिकवण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

शिकणारी एकटीच होती. गौहरबी, मलमपट्टी करणारी, चिंचवड गावातली पस्तिशीची विधवा. कारखान्यात बाटल्या निवडायला बायका होत्या, त्यांच्यासाठी दवाखान्यात बाई हवी म्हणून साहेबानं तिला घेतलं होतं. हिंदुरावांना त्या जागेवर आपला मेहुणा चिकटवायचा होता. तो राग त्यांनी एक दिवसही लपवला नाही.

जेवणाच्या सुट्टीत धडा चाले.

"त्याला ताप आहे, म्हणा."

"ही हॅव फीवर."

"हॅज! ही आलं की हॅज. एखाद्या गाढवाला शिकवलं असतं तर एव्हाना आलं असतं."

गौहरबीनं मान वर केली नाही. वहीत 'ही हॅज फीवर' वीस वेळा लिहिलं. घरी भाकरी थापतानाही ती पुटपुटायची, आय हॅव, यू हॅव, ही हॅज. हिंदुरावांना पुन्हा तोंड उघडायला जागा द्यायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

सल्ल्याचा धडा आला तेव्हा हिंदुराव म्हणाले, "शुड म्हणजे केलेलं बरं. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. चिठ्ठीत आपण शुड लिहायचं. साहेबाला मस्ट लिहायची आपली पायरी नाही."

"माणसाच्या जिवावर बेतलं तरी?"

"मी सांगतो तेवढं लिहून घ्या."

महिन्याभरानं एका सोमवारी भट्टीवर बाटली फुटली आणि काचेची कपची भैरू नावाच्या कामगाराच्या डाव्या डोळ्यात गेली. गौहरबीनं पापणी उचलून पाहिलं. बुबुळातच काहीतरी चमकत होतं.

"याला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला पाहिजे," ती म्हणाली.

हिंदुरावांनी कागद पुढे ओढला. त्यांनी चिठ्ठी लिहिली. गौहरबीनं ती त्यांच्या खांद्यावरून वाचली. 'ही शुड गो टु पूना.'

"शुड?"

"तुम्हाला कुणी वाचायला सांगितलं?"

गौहरबीच्या घरी तिच्या पगारावर दोन पोरं होती. तिनं भैरूच्या डोळ्यावर पट्टी बांधायला घेतली. साहेबाकडून चिठ्ठी परत आली, तिच्यावर लिहिलं होतं की शनिवारी डॉक्टर बघतील. भैरू डोळ्यावर पट्टी बांधून चिखलीला घरी चालत गेला.

मंगळवारी सकाळी त्याची बायको अंबुबाई त्याला हाताला धरून घेऊन आली. डोळा लिंबाएवढा सुजला होता. पट्टी पिवळी झाली होती.

"रातभर वरडत व्हते," अंबुबाई म्हणाली. "डोस्कं फुटतंय म्हनत्यात."

"शनिवारपर्यंत थेंब घाला," हिंदुराव म्हणाले.

गौहरबीनं कालची चिठ्ठी काढली. 'शुड' खोडलं, वर 'मस्ट' लिहिलं आणि शेवटी 'टुडे' जोडलं. हिंदुरावांनी तिचं मनगट पकडलं.

"नोकरी जाईल, गौहरबी."

"जाऊ दे. हात सोडा. नाहीतर मी ओरडेन. बाहेर चाळीस बायका बसल्यात."

त्यांनी हात सोडला, पण तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, "कालपर्यंत हॅज येत नव्हतं, आज साहेबाला शिकवायला निघाल्या."

गौहरबी भैरूला घेऊन ऑफिसात गेली. साहेबानं चिठ्ठी वाचली आणि हा शब्द कुणी लिहिला ते विचारलं.

"आय," गौहरबी म्हणाली.

तू डॉक्टर आहेस का, त्यानं विचारलं.

"नो. ही हॅज ग्लास इन द आय. ही मस्ट गो टुडे."

साहेबाचा चेहरा लाल झाला. माझ्या ऑफिसात मला हुकूम कोण देतं, असं काहीसं तो ओरडला. तिला सगळं कळलं नाही. तिनं भैरूला पुढे ओढलं आणि त्याच्या डोळ्यावरची पट्टी काढली. साहेबानं झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. तसाच पाठमोरा उभा राहून तो गाडीसाठी ओरडला.

पुण्यात डोळा काढावा लागला.

कागदात खाडाखोड केल्याबद्दल हिंदुरावांनी तक्रार केली. गौहरबीला दवाखान्यातून काढून बाटल्या धुण्याच्या हौदावर टाकलं. महिना संपायच्या आत हिंदुरावांचा मेहुणा मलमपट्टीला आला.

पंधरा दिवसांनी अंबुबाई हौदापाशी आली. आभार मानायला आली असेल असं वाटून शेजारच्या बायका बाजूला सरल्या.

"डाक्टर म्हनला, आदल्या दिशी आनला असता तर डोळा ऱ्हायला असता," अंबुबाई म्हणाली. "तुमाला सोमवारीच ठावं व्हतं?"

गौहरबीचे हात सोड्याच्या पाण्यात होते. तिनं ते बाहेर काढले नाहीत.

"होतं."

"मंग?"

"भ्याले."

 अंबुबाई हौदाच्या कडेला थुंकली आणि निघून गेली.

"हिच्यासाठी तू दवाखान्यातल्या नोकरीवर पाणी सोडलंस," शेजारची म्हणाली. "हिला काही कळतं तरी का?"

"कळतं तिला," गौहरबी म्हणाली. "तू तुझं काम कर."